उलटा गळ

पहाटे चारला पोट दुखतं तेव्हा
ते पोटच असतं असं नाही.
हे कॉलेजात कुणीतरी शिकवलं असणार,
मी बहुधा मागच्या बाकावर पेंगत होते.

सर्वेश वासुदेव कोयंडे, वय सोळा, राहणार तांबळडेग.
रात्री भाकरी नि तिसऱ्यांचा सुका.
झोपलास खयं?
खळ्यात, जमनीर. उकडत होता.
काय चावला?
नाय.

बॅटरी घेऊन मी त्याला तळव्यापासून वाचत गेले.
करवंदीचा ओरखडा, डासांच्या गांधी,
जाळं ओढून बोटांच्या बेचक्यात पडलेले घट्टे.
दोन दातांची खूण कुठेच नाही.
मण्यार खूण सोडतेच असं नाही,
आणि मे महिन्यात तिसऱ्या बाधतातच.

त्याच्या पापण्या अर्ध्यावर होत्या.
पहाटे चारला कुणाच्या नसतात?
कदम सिस्टरांच्या होत्या, बापाच्या होत्या,
औषधांच्या कपाटाच्या काचेत पाहिलं तर माझ्याही.

वर बघ, म्हटलं.
कपाळाला आठ्या पडल्या, भुवया उचलल्या गेल्या,
पापण्या तिथेच.
का माझ्याच मनाने ठरवलं होतं आधी?

एका श्वासात आकडे मोज बघू.
एकतीस.
दहा मिनिटांनी चोवीस.
मग एकोणीसवर थांबला आणि कसानुसा हसला,
जणू पाढा चुकला होता.

फ्रिजमध्ये दहा कुपी.
दहा म्हणजे एका माणसाची सुरुवात, फार तर.
पुढचा साठा सोमवारी; उजाडणार होता शनिवार.
कुपी हलवायची नसते, फेस होतो,
तळहातांमध्ये घोळवत बसायचं असतं.
तेवढ्या वेळात माणूस मत बदलू शकतो.
मी दोनदा बदललं.
या औषधानेही घसा आवळतो, माणूस जातो,
म्हणून उशाशी अॅड्रिनलिन भरून ठेवलं,
आणि सिस्टरना म्हटलं, लावा.

एकोणीस. एकोणीस. सतरा.
खिडकीत उजाडलं.
सतरा.
बावीस.

साडेनऊला बागेतून मोटरसायलवर बाईला आणलं,
पुर्णिमा थापा, आंब्याच्या राखणदाराची बायको.
फुरसं. पाय घोट्यापर्यंत सुजलेला,
आणि खूण इतकी स्पष्ट
की पुस्तकात छापावी.
काचेच्या नळीत तिचं रक्त घेऊन मी वीस मिनिटं
घड्याळासमोर बसले. नळी तिरकी केली.
रक्त पाण्यासारखं वाहिलं.

इथे शंका नव्हती.
इथे औषध नव्हतं.

ओरोसला पाठवलं, रस्ता दोन तासांचा.
नवऱ्याने विचारलं, यहाँ नहीं है?
मी म्हटलं, नहीं है.
कालपर्यंत होतं, हे त्याला सांगितलं नाही.
तिसऱ्या दिवशी ओरोसहून फोन आला, किडनी, डायलिसिस.
नंतर मी केला तर म्हणाले, घेऊन गेले गावी.
गाव नेपाळात. फोन तिथे संपतो.

पुस्तक म्हणतं, मण्यारीवर हे औषध तसं कमीच चालतं.
म्हणजे पोरगा औषधाने सुधारला,
की विषच थोडं होतं,
की मुळात तिसऱ्याच होत्या,
आणि मी एका पोटदुखीवर
फ्रिज रिकामा केला?
कदम सिस्टर म्हणतात, मॅडम, पोरगो जगलो ना?
त्या बाईचं नाव त्या घेत नाहीत.
मीही त्यांच्यासमोर घेत नाही.

चौथ्या दिवशी वासुदेव कोयंडे
कागद घ्यायला आले. सोबत पिशवीत सुके बांगडे.
निदानाच्या रकान्यात मी लिहिलेलं, मण्यार,
आणि आधी, सवयीने, एक प्रश्नचिन्ह.
त्यांना अक्षर लागेना. बोट चिन्हावर ठेवून म्हणाले,
ह्यो गळ उलटो काढलास, डॉक्टर.
ह्याका मासो लागाचो नाय.

मी हसले. सही केली.
सोमवारी कुपी आल्या, दहाच.
रजिस्टरात आकडा लिहून फ्रिज लावला,
आणि पुन्हा उघडून मोजल्या.